गाडीच्या टेपची वीज आणि अर्थ: सुरुवात काळ्या वायरीपासून

माझा विट्याचा मेहुणा गेल्या मे महिन्यात आपली जुनी हॅचबॅक घेऊन सांगलीला आला, तेव्हा त्याची तक्रार एकच होती. गाडीत नुकताच बसवून घेतलेला टेप (टचस्क्रीन आले, ब्लूटूथ आले, तरी आमच्याकडे त्याला टेपच म्हणतात) हळू आवाजात नीट चाले. पण आवाज वाढवला की ढोलकीच्या प्रत्येक थापेला पडदा मंद होई आणि आणखी वाढवला की टेप बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होई. "दाजी, टेपच बाद निघालाय, बदलून टाकू," हे त्याने ठरवूनच टाकले होते. मी टेप चालू ठेवूनच चौकटीतून पुढे ओढला आणि मागे हात पोहोचावा म्हणून अँटेनाची पिन काढली, तर टेप एकदम गप्प झाला. पिन लावली की चालू, काढली की बंद. अँटेनाचा वीजपुरवठ्याशी वरवर काही संबंध नाही. परंतु अँटेनाच्या वायरीभोवतीची तारांची जाळी गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, आणि टेपची काळी वायर कुठेच नीट टेकलेली नसल्यामुळे सगळा करंट त्या बारीक जाळीतून परत जात होता. बसवणाऱ्याने काळी वायर डॅशबोर्डच्या आतल्या एका रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूखाली दाबली होती आणि रंग मात्र खरवडला नव्हता.

असे का होते याचे एक कारण मला आपल्या शब्दातच दिसते. घराच्या वीजजोडणीत आपण अर्थिंग म्हणतो ती वायर सुरक्षेसाठी असते. ती नसली तरी पंखा फिरतो, बल्ब लागतो, आणि म्हणून ती नंतर कधीतरी करायची गोष्ट समजली जाते. गाडीत मात्र अर्थ म्हणजे करंटाच्या परतीची वाट. बॅटरीच्या प्लसमधून जेवढा करंट निघतो तेवढाच मायनसला परत यावा लागतो आणि त्यासाठी वेगळी वायर न ओढता गाडीचा पत्राच वापरलेला असतो. शब्द एक, कामे दोन. त्यामुळे प्लसची वायर जेवढ्या काळजीने निवडली आणि जोडली जाते तेवढीच काळजी काळ्या वायरीची घ्यावी लागते, आणि माझ्या अनुभवात नव्या टेपच्या तक्रारी निम्म्याहून अधिक वेळा तिथेच निघतात.

वायरींची ओळख

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेपच्या मागच्या वायरींचे रंग आता ठरून गेले आहेत. पिवळी वायर बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट पुरवठा घेते, लाल वायर चावी फिरवल्यावरच येणारा म्हणजे ॲक्सेसरीचा पुरवठा घेते आणि काळी वायर अर्थाची असते. निळी वायर विजेवर वरखाली होणाऱ्या अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्प्लिफायर चालू करण्याच्या इशाऱ्यासाठी आणि केशरी वायर गाडीचे दिवे लागले की टेपच्या बटणांचा उजेड बदलण्यासाठी दिलेली असते. स्पीकरच्या चार जोड्यांमध्ये पांढरी समोरच्या डाव्या, राखाडी समोरच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. त्याच रंगावर काळी रेघ असली तर ती त्या स्पीकरची मायनस बाजू.

पिवळी आणि लाल या दोन वायरींच्या कामातला फरक नीट समजून घ्यावा, कारण त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. हल्लीच्या बहुतेक टेपमध्ये आवाजासाठी लागणारा खरा करंट पिवळीतून ओढला जातो आणि लाल वायर केवळ "आता चालू हो" एवढे सांगते. पिवळीवरच घड्याळ, रेडिओची स्टेशने आणि आवाजाच्या सेटिंगची आठवण टिकून राहते. या दोन वायरी उलटसुलट लागल्या तर टेप वाजतो, पण गाडी बंद केली की सगळे विसरतो. दोन्ही एकत्र करून कायमच्या पुरवठ्याला लावल्या तर चावी काढल्यावरही टेप बंद होत नाही. सर्वसाधारण लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. तिच्यावर अर्ध्या-पाऊण अँपिअरचा भार चोवीस तास राहिला तर दोन-तीन दिवसांत ती पूर्ण रिकामी होईल, आणि गाडी उठेनाशी होते ती त्याच्याही आधी.

स्पीकरच्या काळ्या रेघेच्या वायरी मात्र अर्थाला कधीही लावू नयेत. जुन्या जमान्यातल्या काही टेपमध्ये स्पीकरची एक बाजू बॉडीला दिलेली असे आणि ती सवय काही जुन्या हातांमध्ये अजून शिल्लक आहे. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे सहाएक व्होल्टचा दाब असतो. ते टोक पत्र्याला टेकले तर आतली चिप स्वतःला बंद करून घेते, किंवा कायमची जाते.

रंग नव्हे, मीटर

वर सांगितलेले रंग टेपच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचेही, वेगळे असतात आणि तिथे पिवळीला पिवळी जोडणे म्हणजे पत्रिका न पाहता गुण जुळल्याचे जाहीर करण्यासारखे आहे. यात एक खरोखरीचा धोकाही आहे: एअरबॅगच्या वायरींचे आवरण आणि कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लॅस्टिकचे सॉकेट) सहसा पिवळ्या रंगाचे असतात. पिवळ्या आवरणातल्या कोणत्याही वायरीला मीटरची टोकेही लावू नयेत.

गाडीच्या मूळ टेपचा कपलर हातात घेऊन साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवावा, काळे टोक बॉनेटखालच्या बॅटरीच्या मायनसवर किंवा खात्रीच्या उघड्या धातूवर धरावे आणि लाल टोकाने एकेक पिन तपासावी. चावी पूर्ण बंद असताना ज्या पिनवर १२ ते १२.७ व्होल्ट दिसतात ती कायमच्या पुरवठ्याची. चावी बंद असताना शून्य, पहिल्या टप्प्यावर १२ आणि पुढच्या "ऑन" टप्प्यावरही १२ दाखवणारी पिन ॲक्सेसरीची. स्टार्टर फिरताना ती क्षणभर शून्यावर गेली तर ते योग्यच आहे, कारण त्या वेळी सगळी ताकद स्टार्टरला मिळावी अशी तिची योजना असते. पार्किंगचे दिवे लावल्यावरच जागी होणारी पिन उजेडाची. तिला चुकून लाल वायर जोडली गेली तर टेप फक्त रात्री वाजतो, आणि मालक महिनाभर टेपला शिव्या देत राहतो.

युरोपीय पद्धतीचा आयएसओ कपलर असेल तर वीजपुरवठ्याच्या खणात ४ क्रमांकाची पिन कायमच्या पुरवठ्याची, ७ क्रमांकाची चावीच्या पुरवठ्याची आणि ८ क्रमांकाची अर्थाची, असा क्रम ठरलेला आहे. परंतु काही गाड्यांमध्ये ४ आणि ७ यांची अदलाबदल केलेली आढळते. म्हणून आयएसओ कपलर दिसला तरी मीटर बाजूला ठेवू नये. अलीकडच्या काही गाड्यांत तर चावीचा पुरवठा टेपपर्यंत येतच नाही आणि मूळ टेपला जागे करण्याचा निरोप डेटाच्या वायरीतून येतो. अशा वेळी त्या मॉडेलसाठीचा अडॅप्टर घ्यावा किंवा फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्याच जागेत बसून जादा वायर काढून देणारा तुकडा) लावून पुरवठा घ्यावा. हा टॅप सिगारेट लायटरच्या सॉकेटसारख्या बिनमहत्त्वाच्या फ्यूजवर बसवावा. एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिनच्या संगणकाच्या फ्यूजवर तो कदापि लावू नये.

काम सुरू करण्यापूर्वी

मीटरने पिना ओळखून कागदावर लिहून झाल्या की चावी काढून बॅटरीचा मायनस टर्मिनल आधी सोडवावा. १० नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. मायनस आधी का, तर तो निघालेला असताना प्लसवर फिरणारा पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. उलट क्रमाने केले तर त्याच पान्यातून शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. मूळ टेपला सुरक्षा कोड असेल तर तो आधीच शोधून ठेवावा आणि एअरबॅगच्या गाडीत टर्मिनल काढल्यावर काही मिनिटे थांबावे. लागणारे सामान फार नाही: मल्टिमीटर, वायर सोलण्याची आणि क्रिंप करण्याची (धातूची नळी दाबून जोड पक्का करण्याची) पक्कड, वायरीच्या टोकाला बसणारी गोल भोकाची थिंबल, उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, पॉलिश पेपर आणि योग्य मापाचे फ्यूज.

गाडीचा मूळ कपलर कापू नये. बहुतेक गाड्यांसाठी उलट बाजूचा तयार कपलर मिळतो. त्याच्या वायरी आणि नव्या टेपच्या वायरी घरी टेबलावर, उजेडात, सावकाश जोडता येतात आणि गाडीत फक्त खटका दाबून बसवणे उरते. गाडी विकताना मूळ टेप परत बसवता येतो आणि वॉरंटीचा वादही टळतो.

जोड वळवून वर इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धत मला मान्य नाही. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका बसेल इतका तापतो, टेपपट्टीचा डिंक पाझरतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पट्टी सुटून जोड उघडा पडतो. जोड क्रिंप करून त्यावर स्लीव्ह चढवावी. डाग (सोल्डर) दिला तर हरकत नाही, मात्र डाग दिलेली वायर जोडाच्या कडेला ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते, म्हणून तिला मागे आधार द्यावा.

अर्थ कुठे आणि कसा द्यावा

टेपपुरता विचार केला तर गाडीच्या मूळ कपलरमधली अर्थाची वायर पुरेशी असते, कारण कंपनीने ती याच कामासाठी दिलेली असते. तिच्यावर एकदा विश्वास ठेवण्यापूर्वी चाचणी घ्यावी, एवढेच. मूळ वायर नसेल, तुटलेली असेल किंवा मीटरवर शंकास्पद निघाली तर नवी अर्थ द्यावी लागते, आणि तिथे जागेची निवड महत्त्वाची ठरते.

डॅशबोर्डच्या मागे आडवा गेलेला जाड लोखंडी पाइप किंवा बाजूच्या खांबाचा पत्रा ही चांगली जागा होय. प्लॅस्टिकमध्ये रुतलेला स्क्रू, टेपच्या चौकटीची बारीक पट्टी, दुसऱ्या कुणाचा तरी आधीच गर्दी झालेला अर्थाचा बोल्ट, सीटबेल्टचा बोल्ट यांपैकी काहीही वापरू नये. सीटबेल्टच्या बोल्टबाबत तर आग्रहाने सांगतो, कारण तो ठरलेल्या ताकदीने आवळलेला असतो आणि त्याखाली थिंबल सरकवल्याने अपघातात ज्याच्यावर जीव अवलंबून आहे तीच जागा कच्ची होते.

जागा ठरली की साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा भाग पॉलिश पेपरने घासावा. खालचा प्रायमरही जाऊन लोखंडाची चमक दिसेपर्यंत थांबू नये. नुसता वरचा रंग गेला की राखाडी थर दिसतो आणि काम झाल्यासारखे वाटते, पण तो थर करंट जाऊ देत नाही. त्यावर क्रिंप केलेले थिंबल, दातेरी वायसर आणि बोल्ट-नट या क्रमाने जोड आवळावा. दातेरी वायसराचे दात धातूत रुततात आणि खडीच्या रस्त्याच्या हादऱ्यांनीही नट सैल होत नाही. आवळून झाल्यावर, आधी नव्हे, जोडावर ग्रीसचा किंवा पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा, म्हणजे उघड्या लोखंडाला गंज चढत नाही.

कृष्णाकाठच्या लोकांना इथे एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचे पाणी लागलेल्या अनेक गाड्या धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या आणि काही हातोहात विकल्याही गेल्या. अशी गाडी असेल तर टेप बदलण्यापूर्वी पायाजवळचा गालिचा उचलून खालच्या बाजूचे अर्थाचे बोल्ट पाहावेत. तांब्यावर हिरवी पूड धरलेली असेल, वायर सोलल्यावर आतल्या तारा काळ्या निघत असतील, तर तेवढे टोक कापून स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे जावे. काळ्या पडलेल्या तारांना डागही धरत नाही.

अर्थ चांगली लागली की नाही हे बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवून पाहतात आणि "झिरो दाखवतोय" म्हणून समाधान मानतात. ही चाचणी पुरेशी नाही. साध्या मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवली तरी ०.२ ते ०.५ ओहम दिसतात; ज्या जोडामुळे त्रास होतो त्याचा रोध याच्याही खाली असू शकतो. समजा जोडाचा रोध अवघा ०.०५ ओहम आहे आणि त्यातून १० अँपिअर जात आहेत. तर तिथे अर्धा व्होल्ट गळतो आणि त्या एवढ्याशा जागी ५ वॅटची उष्णता तयार होते. मीटरला हा दोष दिसत नाही, बोटाला मात्र जाणवतो. खरी चाचणी भार चालू असताना, व्होल्टच्या रेंजवर घ्यायची असते. ती पुढे सांगतो.

पिवळी वायर आणि फ्यूज

खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" असे छापलेले असते. १४.४ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर टेपच्या आतला ॲम्प्लिफायर शुद्ध स्वरूपात जास्तीत जास्त २६ वॅट देऊ शकतो, हे साध्या गुणाकाराने निघते. प्रत्यक्षात १८ ते २२ वॅट मिळतात. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. मात्र यातून वायरीच्या बाबतीत एक उपयोगी गोष्ट कळते: ही ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. टेपपर्यंत १४.४ ऐवजी १२.४ व्होल्टच पोहोचले तर २६ वॅटचे १९ उरतात. दोन व्होल्ट वाटेत सांडले म्हणून एक चतुर्थांश ताकद गेली, आणि आवाज वाढवल्यावर तो फाटू लागला की लोक नवे स्पीकर आणतात.

टेपला पूर्ण आवाजात साधारण १० अँपिअर लागू शकतात, म्हणून मूळ कपलरची कायमच्या पुरवठ्याची वायर, जिच्या वाटेत १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, ती वापरावी. छतावरच्या दिव्याच्या किंवा घड्याळाच्या बारीक वायरीतून पिवळी फोडून घेऊ नये.

फ्यूजविषयी एक गैरसमज घट्ट बसलेला आहे की तो टेपचे रक्षण करतो. फ्यूज वायरीचे रक्षण करतो, म्हणजे पर्यायाने गाडी पेटू नये यासाठी असतो. म्हणून त्याचे माप वायरीवरून ठरते आणि त्याची जागा पुरवठ्याच्या टोकाशी असते. लाल रंगाचा चपटा फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. लाल फ्यूज वारंवार जातो म्हणून हिरवा बसवणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून वेळ मारून नेणे, हे वायरीलाच फ्यूज बनवण्यासारखे आहे. टेपच्या आत उलट जोडणीपासून वाचवणारा, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड असतो; प्लस-मायनस चुकले तर तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि टेप वाचतो. फ्यूजच्या जागी चांदी असली तर आधी डायोड जळतो आणि मग बाकीचे.

ॲम्प्लिफायर असेल तर

डिकीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवायचा असेल तर टेपची पिवळी वायर त्याला पुरणार नाही. थेट बॅटरीपासून वेगळी केबल ओढावी लागते. चार चॅनेलना प्रत्येकी ५० वॅट खऱ्या अर्थाने देणारा क्लास एबी ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात २५ अँपिअरच्या पुढे जातो, तेवढ्याच ताकदीच्या पण कमी वीज वाया घालवणाऱ्या क्लास डीला १८ च्या आसपास लागतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर केबल धरली आणि त्यातून २६ अँपिअर गेले, तर घराच्या फिटिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची वायर सुमारे ०.९ व्होल्ट खाते आणि गरम होते. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ०.२ च्या थोडे वर. पाच मीटर १० ची केबल महाग वाटते खरी, पण जिथे पैसे घालायचे ती हीच जागा आहे.

केबल घेताना ती खरी तांब्याची आहे का हे पाहावे. ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला तशीच आणि किमतीला स्वस्त असते. ॲल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्यामुळे तेवढ्याच कामाला ती दीडपटीहून जाड लागते. एक तार काढून ब्लेडने खरवडावी; आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनिअम. बाहेरून पांढरी आणि आत तांबडी निघाली तर मात्र ती कल्हई केलेली तांब्याची, आणि दमट हवेत ती अधिक चांगली.

या केबलचा मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवावा. इंजिनच्या भिंतीतून केबल आत घेताना भोकाला रबरी कडे (ग्रोमेट) असलेच पाहिजे, नाहीतर पत्र्याची धार हादऱ्यांनी आवरण कापते आणि फ्यूज नसेल तर पुढचे सांगायला नको. ॲम्प्लिफायरची अर्थ पुरवठ्याच्या केबलएवढ्याच जाडीची, शक्य तितकी आखूड आणि डिकीच्या पत्र्यावर वर सांगितल्याप्रमाणे घासून दिलेली असावी. पुरवठ्याची केबल गाडीच्या एका बाजूने आणि टेपकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्याव्यात. आरसीएची टोके सर्वांत शेवटी, दोन्ही अर्था पक्क्या झाल्यावर, बॅटरी सोडवलेली असतानाच लावावीत. कारण ॲम्प्लिफायरची अर्थ सैल असताना करंट आरसीएच्या जाळीतून टेपकडे वाट शोधतो आणि काही टेपमधला त्या जागचा केसाएवढा फ्यूज किंवा तांब्याची रेघ जळून जाते.

इंजिनची गती वाढेल तसा चढत जाणारा बारीक सूर स्पीकरमधून येत असेल तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्राचा. मिरजेत तंबोरे जुळवणाऱ्यांच्या शेजारी राहून आमचे कान सुराला चटावलेले, त्यामुळे हा सूर जरा जास्तच बोचतो. आरसीए काढल्यावर तो थांबला तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे आणि टेप व ॲम्प्लिफायर यांच्या अर्थांच्या दाबात फरक आहे असे समजावे. फिल्टर विकत आणण्याआधी दोन्ही अर्था पुन्हा घासून आवळाव्यात; बहुतेकदा फिल्टरची गरजच पडत नाही.

ट्रॅक्टर आणि ट्रक

गळिताच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यावर रात्रभर वाजत जाणारे ट्रॅक्टर पाहिले की त्यांच्या वायरिंगची आठवण येते. ट्रॅक्टरची वीज १२ व्होल्टचीच असते, पण टेप वर हुडाखाली बसवतात आणि अर्थ हुडाच्या रंगवलेल्या पाइपाला देतात. तो पाइप ट्रॅक्टरच्या सांगाड्याला रंगावरून किंवा रबरावरून बसवलेला असेल तर परतीची वाट अर्धवटच राहते. तिथे काळी वायरही थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यावी. मोठ्या ट्रकमध्ये बऱ्याचदा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यावर १२ चा टेप लावला तर तो जळतो, आणि एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट फोडून घेतले तर टेप चालतो पण एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर हाच तिथला मार्ग आहे.

तपासणी

सगळे जोड झाल्यावर बॅटरीचा प्लस काढला असेल तर तो आधी आणि मायनस शेवटी लावावा. टेप चौकटीत पक्का करण्यापूर्वी, तो अजून बाहेर लोंबत असतानाच, इंजिन चालू करावे, हेडलाइट लावावेत आणि भरपूर ढोल-ताशा असलेले काहीतरी मोठ्या आवाजात सुरू करावे. मीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवून एक टोक लांब वायरीने बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवरच, तिच्या क्लॅम्पवर नव्हे, धरावे आणि दुसरे टोक टेपच्या कपलरमधल्या काळ्या वायरीला मागच्या बाजूने लावावे. दिसणारा आकडा म्हणजे परतीच्या वाटेत सांडलेले व्होल्ट. ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.३ च्या पुढे असेल तर वाटेत कुठेतरी जोड कच्चा आहे, आणि मधल्या प्रत्येक जोडावर मीटरचे टोक सरकवत गेले की ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा उडी मारतो तिथे तो सापडतो. हीच चाचणी बॅटरीच्या प्लसपासून पिवळ्या वायरीपर्यंत घ्यावी, तिथे ०.३ पर्यंत चालते.

दुसरी चाचणी गाडी बंद असतानाची. मायनसची केबल काढून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये १० अँपिअरच्या रेंजवर मीटर लावावा, दारे बंद करून गाडीतील संगणक झोपी जाण्यासाठी अर्धा तास द्यावा आणि मग आकडा वाचावा. २० ते ५० मिलिअँपिअर ही निरोगी गाडीची भूक आहे. याहून बरेच अधिक दिसले तर टेपची पिवळी वायर काढून आकडा खाली येतो का हे पाहावे. मीटर असा मध्ये लावलेला असताना चावीला हात लावू नये. स्टार्टर फिरला तर मीटरचा फ्यूज गेलाच.

मेहुण्याच्या गाडीत पहिल्या चाचणीचा आकडा ०.९ आला होता. काळी वायर त्या रंगीत पट्टीवरून काढून आडव्या पाइपावर घासलेल्या जागी आवळली आणि मीटर पुन्हा लावला, तर आवाज विसावर नेऊनही तो ०.०४ वरून हलेना. मग मी अँटेनाची पिन काढून पाहिली. रेडिओ गेला, ब्लूटूथवरचे गाणे चालू राहिले. पिन परत लावली आणि टेप चौकटीत दाबून बसवला.